बिनपाटीची खोली

करातूत मोहल्ल्यात कुणी आजारी नसे. माणसं मरत असत, नाही असं नाही. पण कशानं मेली ते कधी बाहेर पडत नसे. ‘वेळ भरली,’ एवढं म्हणायचं, मयताच्या घरचा पुलाव खायचा, दाढीवरून हात फिरवायचा आणि उठायचं. याचं कारण साधं होतं. मोहल्ल्यात लग्नाची मुलंमुली बाराही महिने असायची, आणि लग्न ठरण्याआधी समोरची मंडळी गल्लीत येऊन चौकशी करायची. मुलगी कशी, आई कशी, अंगण पहाटे झाडतात की उन्हं आल्यावर, आणि घराण्यात काही ‘तसलं’ आहे का. ‘तसलं’ या एका शब्दात साखरेचा आजार, फीट, दमा, मूत्रपिंडं आणि वेडसर मामा एवढं सगळं मावत असे. चौकशीला आलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी चहा पाजायचा आणि धडधडीत खोटं सांगायचं, हा तिथला शेजारधर्म. आज तुझ्या लेकीसाठी मी, उद्या माझ्या लेकीसाठी तू.

या धर्माची काझी म्हणजे इनोबतआपा. ती मोहल्ल्याची कायवोनी होती. पाळण्यापासून कफनापर्यंत कुठलंही कार्य तिच्याशिवाय उभं राहत नसे. कुणाला कुठं बसवायचं, कुणापुढं आधी नान ठेवायचं, कुठल्या दोन जावांमध्ये तिसरी बाई बसवली म्हणजे भांडण टळतं, हे सगळं तिच्या भुवईवर चालायचं. आणि तिचा नवरा उस्ता तुर्सुनाली म्हणजे पुलावाचा आचारी. अंगणात भट्टी पेटवून, माणूस आंघोळ करू शकेल एवढ्या कढईत त्यानं तांदूळ सोडला की अर्ध्या शहराच्या पोटात कावळे ओरडायचे.

या उस्ताला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार होता. ही गोष्ट उस्ताला, इनोबतला, त्यांच्या लेकीला, ओयदिनला, आणि एका डॉक्टरला ठाऊक होती. गोळ्या मनुकांच्या डब्यात असायच्या. मेजवानीत कुणी हलव्याचा तुकडा हातावर ठेवला की उस्ता तो ‘नातवंडांसाठी’ खिशात टाकी. ओयदिनचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे नातवंडं अजून यायची होती. पण तेवढा विचार कोण करतो?

एप्रिलात ओयदिनसाठी पुलाजवळच्या मोहल्ल्यातून विचारणा आली. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची आई मस्तुरा ही मोजकं बोलणारी, नीट पाहणारी बाई असा लौकिक होता. आता चौकशी येणार म्हणून इनोबतनं गल्लीत सगळ्यांना आधीच गोड करून ठेवलं. आणि आठवडा उलटायच्या आत शेजारच्या शराफतखालाचा फोन आला.

“आली गं, इनोबत, तुझी चौकशी आली! माझ्या दारातून आत्ताच गेली. जाडजूड बाई आहे, खांद्याला ही एवढी पिशवी. पण काय गं ही रीत? माणूस आधी हवापाणी विचारतं. ही सरळ म्हणते, या गल्लीत साखरेचा आजार कुणाला आहे का? मी म्हटलं, बाई, जीभ आवर.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, आमच्यात लोक म्हातारेसुद्धा होत नाहीत.”

बाईनं फाटकावर टकटक केली तेव्हा इनोबतनं दस्तरखान अंथरून ठेवलं होतं. बाईनं आपण पॉलिक्लिनिककडून आल्याचं सांगितलं. इनोबतनं मान डोलावली. चौकशीला येणारं माणूस कुठून ना कुठून आलेलंच असतं. मागच्या वेळी गल्लीतल्या मुनोजातच्या भाचीची चौकशी करायला मुलाची आत्या विजेचं मीटर वाचायला आली होती, आणि तिनं मीटर वाचलंही होतं.

“खा ना, घ्या ना,” इनोबत म्हणाली. “साखर म्हणता? आमच्या गल्लीत साखर फक्त बशीत.”

“कुणाच्या पायाला मुंग्या येतात का, आपा? बोटं बधीर होतात? जखम भरत नाही, असं काही?”

इनोबतच्या मनात आलं, काय घराणं आहे! पायाच्या बोटांपर्यंत पाहतात म्हणजे मोठी इस्टेट असणार. तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “ओयदिन! ये गं बाहेर. मोजे काढून ये.”

ओयदिन आली. आईनं डोळे वटारले म्हणून पाहुणीपुढं अनवाणी उभी राहिली. बाई जरा गोंधळली. पण धंद्याची माणसं धंदा सोडत नाहीत. तिनं खाली वाकून दोन्ही पाय पाहिले, टाचा दाबल्या, बोटांच्या बेचक्यात डोकावली.

“छान पाय आहेत,” ती म्हणाली.

“आईवर गेलेत,” इनोबत म्हणाली, आणि जाताना तिच्या हातात नान आणि जर्दाळूचं गाठोडं बांधून दिलं. त्या दिवशी बाईला प्रत्येक घरातून गाठोडं मिळालं. तिला ती उचलून नेता येईनात, तेव्हा मोहल्ल्याचे रईस, म्हणजे प्रमुख, हकीमजान यांनी आपली मोटार काढून तिला सोडलं आणि वाटेत आपल्या मोहल्ल्याच्या हवेची तारीफ केली.

जूनमध्ये वरून फर्मान आलं, की सर्व शहरात चिवट आजारांचा एकही रोगी नसलेला मोहल्ला एकच सापडला, सबब करातूत मोहल्ल्याला ‘निरोगी मोहल्ला’ हे मानपत्र देण्यात येत आहे. कुणाला काही आश्चर्य वाटलं नाही. एवढं चांगलं चाललंय तर बक्षीस मिळायचंच. रईसांनी समारंभ ठेवला आणि पुलावाला अर्थातच उस्ता तुर्सुनालीला सांगितलं.

रईसांचं भाषण चालू होतं. त्यात आरोग्य हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. अंगणाच्या कडेला उस्ता भट्टीतली लाकडं मागे ओढत होता, पुलाव दमाला लावायची वेळ झाली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या लोकांनी नाकं वर केली. रबर जळल्याचा वास येत होता.

“उस्ता! अहो उस्ता, बूट पेटलाय तुमचा!”

उस्तानं खाली पाहिलं. एक लाल निखारा त्याच्या रबरी बुटावर बसला होता आणि बुटात खड्डा करून आत उतरला होता.

“हो की,” उस्ता म्हणाला, आणि झाऱ्यानं निखारा उडवून लावला.

लोक हसले. काय मर्द माणूस! कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. रईस भाषणात म्हणाले, हेच ते करातूतचं रक्त. ताटं मांडता मांडता इनोबतच्या हातातली चमच्यांची जुडी तेवढी खाली पडली.

घरी आल्यावर तिनं मोजा ओढला तर तो निघेना. कोमट पाण्यात भिजवून सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी भोक होतं आणि त्यातून जे दिसत होतं ते तिला पाहवेना. उस्ता मात्र शेजारी बसून खरबुजाच्या बिया सोलत होता.

“दुखत नाही?”

“नाही ना. मग कशाला डोळे पुसतेस?”

“दुखत नाही म्हणूनच पुसते.”

मेंढीच्या शेपटाची चरबी लावून झाली, कांदा भाजून बांधून झाला. जखम भरण्याऐवजी अंगठा काळसर व्हायला लागला. उस्ता लंगडत नव्हता, कारण लंगडायला दुखावं लागतं. तो रोज एक कार्य घेत होता आणि रात्री पायात फडकं गुंडाळून झोपत होता. इनोबतनं दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, “पाय माझा आहे ना? सडक्या पायाच्या आचाऱ्याच्या हातचा पुलाव तू खाशील का? मग लोकांनी का खावा? एकदा तोंडातून गेलं की माझी कढई पालथी. तुझ्या लेकीची सोयरीकही पालथी. गप राहा.”

ती गप राहिली. गप राहण्यात तिचा हात धरणारं मोहल्ल्यात कुणी नव्हतं. पण एक दिवस अंगठ्याला वास यायला लागला, तेव्हा चादरी घ्यायला जायचंय असं सांगून तिनं उस्ताला बाजाराच्या रिक्षात घातलं आणि दोन मोहल्ले ओलांडून पॉलिक्लिनिकला नेलं.

डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. त्यानं पाय पाहिला, मग इनोबतकडे पाहिलं.

“हे माझ्या हातचं नाही, आपा. माझ्याकडे एक कात्री आहे, तीही माझ्या आईची. साखरवाल्यांच्या पायांसाठी खास खोली निघालीये. तिथं मेलेलं मांस काढतात, पाय धुऊन बांधतात, कसा जपायचा ते शिकवतात, बूटसुद्धा वेगळे देतात. या आठवड्यात तिथं पोचलात तर पाय वाचेल. नाही पोचलात तर मोठ्या इस्पितळात जावं लागेल. तिथं वाचवायचं काय ते विचारत नाहीत. घोट्यातून की गुडघ्यातून, एवढंच ठरवतात.”

“कुठं आहे ही खोली?”

“इथंच होणार होती. खाली, त्या डावीकडच्या दालनात. मग कालव्यापलीकडे नेली. नक्की कुठं ते आम्हाला कळवलं नाही. नोंदणीत विचारा.”

नोंदणीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, फलकावर असेल. फलक मोठा होता. त्यावर हात धुण्याचं चित्र होतं, गेल्याच्या गेल्या नवरोजच्या शुभेच्छा होत्या, बंद पडलेल्या बसचं वेळापत्रक होतं, आणि हरवलेल्या बोकडाचं वर्णन होतं, ते फार बारकाईनं केलेलं होतं. पायाच्या खोलीचं काही नव्हतं.

इनोबत फलकासमोर उभी असताना मागून कुणीतरी आनंदानं म्हणालं, “अय्या, आपा! तुमचे जर्दाळू काय गोड होते हो!”

वळून पाहिलं तर चौकशीला आलेली बाई. अंगात पांढरा डगला, हातात लशींची पेटी. डगल्याच्या खिशावर लोबार असं नाव शिवलेलं होतं. इनोबतनं आधी डगला पाहिला, मग पेटी पाहिली, आणि खालच्या ओट्यावर बसली.

“तुम्ही मस्तुराकडच्या नव्हे?”

“कोण मस्तुरा? मी पॉलिक्लिनिकची नर्स. सांगितलं होतं की मी.” लोबार तिच्या शेजारी टेकली. “तुमच्या मोहल्ल्यासाठीच तर धडपडत होते मी. खोली इथं ठेवायची की पलीकडे, यावर वाद होता. मला म्हणाले, रोगी दाखव. मी दारोदार फिरले. तुमच्याकडे एकही निघाला नाही! मला आधी खोटं वाटलं. पण आपा, इतकी माणसं एका सुरात खोटं कशी बोलतील?”

तो सूर इनोबतनंच लावून दिला होता.

“खोली मग पलीकडे गेली,” लोबार म्हणाली, “आणि मी लशींवर आले. रोगी शोधता येत नाहीत म्हणे मला.”

“पण पलीकडे कुठं?”

“ते मलाही ठाऊक नाही बघा. ऐकलं ते एवढंच, की पाटीच लावलेली नाही. रोग्यांनीच हातापाया पडून काढायला लावली. पाटीखालून आत जाताना कुणी पाहिलं तर?”

आता इनोबतनं शोधायला सुरुवात केली, आणि शोधायचं तर विचारायला हवं होतं. उघड विचारणं शक्य नव्हतं. म्हणून तिनं शराफतखालाला म्हटलं, आमच्या त्या कुंभारांच्या गावच्या, रिश्तानच्या, एका नातलगाला साखर निघालीये, त्याला पायाचा त्रास आहे, तुला काही माहीत आहे का? शराफतखालानं भुवया आकाशाला लावल्या. “मला गं काय ठाऊक? मात्र माझ्याही रिश्तानच्या मावसबहिणीला तसंच आहे. ती तुतीच्या पानांचं पाणी पिते.” मुनोजातला विचारलं तर तिचा रिश्तानचा दीर. बेकरीवाल्या बाईला विचारलं तर तिच्या रिश्तानच्या व्याह्याची डावी टाच. संध्याकाळपर्यंत रिश्तानमध्ये इतकी माणसं आजारी निघाली, की तिथं मातीची भांडी कोण घडवतं असा प्रश्न पडावा. सगळ्यांना औषधं माहीत होती. खोली कुणालाच माहीत नव्हती.

ती एकटी कालव्यापलीकडे जाऊन आली. दुपारभर फिरली. पलीकडे फाटकंच फाटकं होती, आणि पाटी नसलेल्या जागा शोधायच्या तर सगळं शहरच आलं. एका रखवालदाराला विचारलं, तर त्यानं उलट विचारलं, “तुमच्यासाठी का?” ती “नाही, नाही” म्हणाली. “मग मलाही माहीत नाही,” असं म्हणून त्यानं दार लावलं.

घरी आली तर ओयदिन बापाचा पाय धूत होती. काळेपणा अंगठ्यावरून पुढं सरकला होता. उस्ताला थोडा ताप होता, आणि तरी तो उद्याच्या कार्याला गाजरं किती ते मोजून सांगत होता.

स्वयंपाकघरात इनोबत म्हणाली, “उद्या मुनोजातकडे पाळणा आहे. मस्तुरालाही बोलावलंय. चौकशीला कुणाला धाडायची नाही ती, स्वतःच बघायला येणार आहे. एवढं पार पडू दे. एकदा नान मोडून सोयरीक पक्की झाली, की मग...”

“मग काय?” ओयदिन म्हणाली. तिनं हातातलं तसराळं मोरीत आपटलं. “मग लग्न होईपर्यंत गप. मग मला मूल होईपर्यंत गप. तोवर बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून कढईशी नेऊ. लोकांना सांगू, हौस म्हणून बसलेत.”

“जीभ फार लांब झालीये तुझी.”

“आईवर गेलीये.”

मुनोजातच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बायकांनी दस्तरखानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. पाळण्यातल्या बाळावर सात थरांची पांघरुणं टाकून झाली होती, त्याच्या नावानं मिठाई उधळून झाली होती, आणि बाळ या सगळ्या सन्मानाला रडून कंटाळून झोपलं होतं. मस्तुरा मानाच्या जागी बसली होती. ती थोडं खात होती आणि सगळं बघत होती. इनोबत चहाची किटली घेऊन उभी होती. सकाळी उस्तानं बूट चढवला तेव्हा पाय आत जाईना, तर त्यानं बुटाची बाजू सुरीनं कापून घेतली होती आणि कामावर गेला होता. तिच्या डोळ्यांपुढं तो कापलेला बूट होता.

“इनोबतआपा,” मस्तुरा हळूच म्हणाली, “तुमच्या उस्तांना पाहिलं परवा बाजारात. बारीक वाटले.”

अंगणातल्या बायका इनोबतकडे वळल्या. हाच तो क्षण. आता कायवोनी म्हणणार, भट्टीपुढं उभं राहणारा माणूस बारीकच असायचा, आणि सगळ्याजणी म्हणणार, हो ना, हो ना. शराफतखालाच्या ओठांवर ‘हो ना’ येऊनसुद्धा बसलं होतं.

इनोबतनं किटली खाली ठेवली नाही. ठेवली असती तर बहुधा बोलली नसती.

“आमच्या उस्तांना साखरेचा आजार आहे,” ती म्हणाली. लग्नाचं आमंत्रण सांगावं तसा तिचा आवाज मोठा आणि सपाट होता. “बऱ्याच वर्षांपासूनचा. पाय सडलाय त्यांचा. निखारा पडला तो त्यांना कळला नाही. कालव्यापलीकडे साखरवाल्यांच्या पायांची खोली आहे, पाटी नाही तिला. मला सापडत नाहीये. या आठवड्यात गेलो नाही तर पाय काढतील. बायांनो, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर चहा घ्या.”

कुणी पियाल्यात पाहत होतं, कुणी बाळाकडे. बाळानंही संधी साधून रडावं तर ते झोपलेलं. मुनोजातच्या सासूनं हलव्याची बशी उगीच अलीकडची पलीकडे केली.

मग शराफतखाला नानच्या तुकड्याशी बोलल्यासारखं पुटपुटली, “मी आपलं ऐकलंय हो. पूल उतरला की डावीकडे. गालिचेवाल्याच्या पुढं हिरवं फाटक आहे म्हणे.”

“हिरवं?” मुनोजात म्हणाली. “खाला, निळं केलंय ते आता. गेल्याच महिन्यात रंगवलं.” आणि तिनं तोंडावर हात नेला, पण रंग आता बाहेर पडला होता.

“निळं फाटक पुढचं,” बेकरीवाली म्हणाली. तिला चूक माहिती सहन होत नसे. “तिकडून गेलात तर तासभर उभं करतात. गालिचेवाल्याच्या अंगणातून मागून जायचं.”

“मागून? आणि त्याचा कुत्रा?”

“बांधलेला असतो.”

“बुधवारी सुटा असतो! माझा पदर फाडलाय त्यानं.”

“बुधवारी जातंच कोण? बुधवारी डॉक्टरीणबाई नसतात.”

“असतात की! सकाळी असतात. मंगळवारी नसतात.”

“मंगळवारी मी स्वतः पाय बांधून आले, आणि नसतात काय नसतात?”

“तू आलीस? तू तर म्हणाली होतीस आईकडे जातेय!”

“आणि तू? दर शुक्रवारी मेंदी विकायला जातेस ती कुठं?”

आता सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी बोटानं दस्तरखानावर पूल काढून दाखवत होतं, कुणी त्यावर बशी ठेवून हा गालिचेवाला म्हणत होतं, तिसरी ती बशी उचलून पलीकडे ठेवत होती. नाव कुठल्या खिडकीत द्यायचं, फडकी घरून न्यायची की नाही, कुठली नर्स हलक्या हाताची. पाळण्याशेजारच्या दोन बायका तर एकमेकींशी भांडत होत्या, की पहिली मी गेले होते. इनोबत किटली धरून उभी होती. ज्यांच्यासाठी तिनं वर्षानुवर्षं खोटं सांगितलं होतं, त्या तिला एकाच वेळी चार रस्ते सांगत होत्या आणि चारी खरे होते. तिला रागानं रडावंसं वाटत होतं. नुसतं रडावंसंही वाटत होतं. यांतल्या एकीनं, नुसत्या एकीनं, परवा फाटकाशी हळूच सांगितलं असतं तर!

या गडबडीत मस्तुरानं पियाला पालथा ठेवला, दुआ म्हटली आणि उठली.

इनोबतनं तिला फाटकापर्यंत सोडलं. रिवाजाप्रमाणे हातात गाठोडं दिलं. मस्तुरानं ते घेतलं, पण छातीशी धरलं नाही. नुसतं बोटाला अडकवलं.

“आधी सांगायला हवं होतंत, आपा.”

“आधी सांगितलं असतं तर आला असतात का?”

मस्तुरानं खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “नसते आले.”

“आणि आता?”

“आता मुलाला सांगावं लागेल. त्याच्या वडलांना सांगावं लागेल.” ती गल्लीत उतरली. मग थांबली, वळली नाही. “उस्तांना आधी घेऊन जा. आजच जा.”

त्यावरून काही अर्थ निघतो का, हे इनोबतला कळेना. निघाला असता तरी तो काढायला तिला वेळ नव्हता.

उस्ता दुसऱ्या गल्लीतल्या कार्यात भट्टीपुढं होता. ती तिथं गेली आणि पुरुषांच्या अंगणात, जिथं बायका जात नाहीत तिथं, सरळ आत शिरली.

“अहो, चला.”

“तांदूळ सोडलेत!”

“सोडलेत ना? मग ते शिजतील. तुम्ही चला.”

“सांगितलंस?” त्यानं तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं.

“सांगितलं.”

“सगळ्यांना?”

“तिलासुद्धा.”

उस्तानं झारा कढईच्या काठावर टेकवला. त्याचे ओठ हलले, पण जमलेल्या माणसांसमोर तो बायकोला काय बोलणार? तो निघाला. रिक्षात एका टोकाला तो बसला आणि दुसऱ्या टोकाला ती. पूल आला, उतरला, गालिचेवाला आला. कुत्रा बांधलेला होता.

खोली लहान होती, चुन्याची, आणि तीत ओळखीची इतकी माणसं होती की उस्ता दारातच अडखळला. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग एकानं बाकावर सरकून जागा केली.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी फडकं सोडलं, नाक वाकडं केलं नाही, चष्मा पुसला.

“अंगठा जाणार,” त्या म्हणाल्या. “त्याच्या शेजारचंही बोट कदाचित. पाय किती राहील ते बघते. थोडं आधी आला असतात तर अंगठाही ठेवला असता मी.”

उस्तानं इनोबतकडे पाहिलं. रिक्षात बसल्यापासून पहिल्यांदाच. तिनं नजर चुकवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक बोथट सुई घेतली आणि बोटांवर टेकवली. “इथं?”

“नाही,” उस्ता म्हणाला.

“इथं?”

“नाही.”

सुई तळव्यावर आली, टाचेवर आली. “इथं? इथं?”

उस्ता नुसती मान हलवत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. सुई घोट्याशी आली. “इथं?”

“नाही.”

इनोबतनं बाकाची कड धरली. सुई घोट्याच्या जरा वर टेकली, आणि उस्तानं जोरात पाय ओढून डॉक्टरीणबाईंच्या आईचा उद्धार केला.

डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली. “उत्तम,” त्या म्हणाल्या. “इथून वरचा पाय तुमच्या ताब्यात आहे. खालचा माझ्याकडे सोपवा, राखता येतो का बघू.”

“बाई,” इनोबत म्हणाली, “तिथं परत एकदा टोचा ना.”